अनुसयेची हरकत

“काय लिवायचं ते लिव, पर मला उन्हात उभी करू नगंस,” अनुसया म्हणाली आणि शेणाची पाटी खाली टाकून गोठ्याच्या सावलीत जाऊन बसली.

मी तिच्या मागोमाग गेले. हातात ठाण्यातून आलेला कागद, डोक्यावर वैशाखाचं ऊन. विचारायचं तरी कसं? ज्यानं तुझ्या नवऱ्याच्या डोक्यात फावडं घातलं, त्याला चार दिवस घरी येऊ द्यायचं का, असं? मनातल्या मनात मी त्या पोलीस पाटीलकीला शंभर शिव्या घातल्या. आमच्या कारळवाडीची ती जागा बायकांसाठी राखीव निघाली, गावात दहावी झालेली सून मी एकटीच, म्हणून घरच्यांनी मला घोड्यावर बसवलं. सगळ्यांना वाटलं होतं, पंधरा ऑगस्टला झेंड्याजवळ उभं राहायचं आणि जत्रेत हवालदाराला चहा पाजायचा, एवढंच काम. मलाही तसंच वाटलं होतं.

तेवढ्यात समोरच्या घरातून हाक आली.

“राजाऽऽ... आरं ये राजाऽऽ...”

ती तानूमावशी. राजारामची आई. डोळे पार गेलेले, कमरेतून उठता येत नव्हतं, ओसरीतल्या बाजेवर पडून दिवसभर लेकाला हाका मारायची. अनुसयेचं दार आणि तिचं दार यांच्यामध्ये एक बैलगाडी जेमतेम जाईल एवढी गल्ली. राजाराम आणि अनुसयेचा नवरा सर्जेराव एका ताटात जेवलेले दोस्त. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून शेतात जुंपली, राजारामनं रागाच्या भरात फावडं उगारलं आणि सर्जेराव दवाखान्यापर्यंतसुद्धा पोचला नाही. राजारामला जन्मठेप झाली. त्याची बायको पोराला घेऊन माहेरी गेली ती गेलीच. मागं राहिली म्हातारी आणि तिला सांभाळणारा धाकटा भाऊ भानुदास.

“राजाऽऽ... आलास का रं?”

अनुसयेनं बसल्या जागेवरून मान वळवली आणि जोरात ओरडली, “न्हाई आला! गप पड आता!”

हाक थांबली. गावात सगळ्यांना ठाऊक होतं की अनुसया म्हातारीवर अशी खेकसते. काय करणार? तिचं जळलेलं होतं, ती बोलणार. कोणी तिला काही म्हणायचं नाही.

“बोल की आता,” ती मला म्हणाली. “राजाचा अर्ज आलाय न्हवं? भानुदास सांगत फिरतोय गावात.”

“आलाय,” मी म्हटलं. “आई आजारी म्हणून रजा मागितलीय त्यानं. पॅरोलची. तुझं काय म्हणणं आहे ते लिहून घ्यायला सांगितलंय.”

“माझं?” तिनं माझ्याकडं पाहिलं. “माझं कशाला?”

आता तिला काय सांगू? आदल्या दिवशीच शिंगटे हवालदार मोटरसायकलवरून आले होते. माणूस वाईट नव्हता, पण नोकरीनं पार पिचून गेलेला. माझ्या ओसरीत बसून त्यांनी जुना अहवाल पुढं टाकला आणि म्हणाले, “ताई, दर खेपेला हेच जातं. उतरवून काढा नि तारीख बदला.” मी वाचलं. ‘मयताच्या पत्नीची तीव्र हरकत आहे. अर्जदार गावी आल्यास शांततेचा भंग होण्याची शक्यता आहे.’ खाली ठाण्याचा शिक्का. मी विचारलं, “अनुसया असं म्हणाली होती?” तर हवालदार हसले. “कोण विचारायला जातंय ताई? म्हणणारच की ती. पण यंदा नवीन खूळ निघालंय. मुंबईला हे कायदे बदलायचं घाटतंय, कच्च्या कैद्यांना जामीन, पक्क्यांना रजा, सगळंच. तोवर वरून आलंय की, ज्याचं माणूस गेलं त्याला प्रत्यक्ष विचारा आणि सही घ्या. घ्या बाई सही, आणि सुटा.”

मी अनुसयेला तो जुना कागद वाचून दाखवला. लपवून तरी काय करायचं होतं? ती ऐकत राहिली. तिच्या हाताला वाळलेलं शेण होतं, ते ती नखानं खरवडत होती.

“तीव्र म्हंजी?”

“म्हणजे खूप. जोराची.”

“आणि ही हरकत म्या घेतली?”

“असं लिहिलंय.”

“दर बारीला?”

“दर खेपेला.”

“माझ्या दारात तर कुत्रं बी आलं न्हाई इचारायला,” ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण मला खाली मान घालावीशी वाटली. “माझ्या तोंडचं लिवलं, आणि मलाच ठावं न्हाई. वा रे वा.”

“मग आता सांग ना. मी तू म्हणशील तसंच लिहिते.”

“येऊ दे त्याला.”

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. “काय?”

“येऊ दे म्हनलं. आन् हे बग शालन, माफ केलं, दया आली, असलं कायबाय लिवशील तर कागद फाडून चुलीत घालीन. मला झोप पायजे. एवढंच.”

“झोप?”

“सर्जेराव गेला त्या सालापासनं ऐकतीया ती हाक. दिस उगवला की चालू. दुपारचं पाठ टेकावी तर चालू. रातीचं झोपंत बी वरडती. लेकीचं लगीन झालं, ती नांदाय गेली, घरात मी एकली. आन् समोरनं राजा, राजा. ज्याचं नाव माझ्या कानाला नगं, तेच नाव दिसभर. म्या कंटाळलेय गं. लई कंटाळलेय. येऊ दे त्यो, बगू दे तिला, आन् सुटू दे तिला बी आन् मला बी.”

मी लिहिलं, ‘हरकत नाही.’ तिनं सावकाश, एक एक अक्षर लावत सही केली. उठताना म्हणाली, “माझ्या दारावरनं मातूर त्यानं जायचं न्हाई. मागच्या बोळानं ये म्हनावं. मला त्येचं तोंड बगायचं न्हाई.”

कागद गेला. ठाण्यातून तालुक्याला, तालुक्याहून जिल्ह्याला, तिथून जेलला. मी तीनदा हेलपाटा मारला. एकदा साहेब रजेवर, एकदा शिक्का नाही, एकदा भानुदासच्या जामीनपत्रावर फोटो उलटा चिकटलेला. इकडं म्हातारी रोज थोडी थोडी विझत होती. वैशाख सरला, ज्येष्ठ उजाडला आणि एकदाचा राजाराम आला. मागच्या बोळानंच आला. रोज ठाण्यात हजेरी लावायची आणि सांगितल्या दिवशी जेलच्या दारात हजर व्हायचं, या अटीवर.

मी पाहिलं आणि ओळखलंच नाही. गेला तेव्हा पैलवान गडी होता. आता खांदे उतरलेले, केस पांढरे, बोलणं इतकं हळू की कान द्यावा लागायचा. ओसरीत शिरला आणि आईच्या बाजेशी गुडघ्यावर बसला.

“आई, मी राजा.”

म्हातारीनं हात पुढं केला, त्याचा चेहरा चाचपला, मग हात हातात घेऊन तळवा दाबून पाहिला आणि झिडकारून टाकला.

“चल हो तिकडं. हे हात राजाचं न्हाईत. मऊ हाईत. राजाचं हात कसं दगडावानी.”

“आई, मला जेलात शिवणकामाला घातलंय. शेतात हात कुठं लागतोय आता?”

“सोंगं करू नगा माझ्याफुडं!” म्हातारी किंचाळली. “एकदा फसवलंत, आता न्हाई फसायची. राजाऽऽ... आरं राजाऽऽ...”

आणि तो तिच्या पायाशी बसलेला असताना ती त्याच्या डोक्यावरून दाराकडं तोंड करून त्यालाच हाका मारत राहिली. मी भानुदासकडं बघितलं. तो भिंतीला टेकून रडत होता.

“वैनी, चूक माझीच हाय,” त्यानं मला बाहेर नेऊन सांगितलं. “दोन सालं झाली. आई जेवंना. भाकरीला हात लावंना, म्हनं राजा आल्याबिगर खायाची न्हाई. मग म्या काय केलं, आवाज बदलून तिच्याजवळ बसलो. आई, मी राजा, आलोय बग, जेव आता. जेवली की ती! पोटभर जेवली. मला बरं वाटलं. दुसऱ्या दिशी बी तसंच केलं. तिसऱ्या दिशी माझ्या गालावरचा व्रण तिच्या हाताला लागला आन् तिनं ओळखलं. तवापासनं कुनाचंच खरं वाटंना तिला. सगळी गल्ली सांगायची, येतोय गं म्हातारे, निघालाय, उद्या येणार. तिला जेवू घालायला समदे लबाड बोललो आमी.”

मीही कितीदा तिच्याजवळ बसून म्हटलं होतं, मावशी, येईल हं राजा आता, औषध घ्या. सगळ्यांनीच प्रेमानं केलं होतं. आणि आता खरा राजा आला तर तिला खरं वाटेल असा एक शब्द कुणाजवळ शिल्लक नव्हता.

त्यानं काय काय केलं नाही! लहानपणच्या गोष्टी सांगितल्या. कोणत्या गाईनं लाथ मारली, कोणत्या जत्रेत हरवलो. म्हातारी म्हणायची, “हे भान्याला बी ठावं हाय. त्यानंच शिकिवलंय तुला.” भजनात तिच्या मांडीवर बसून म्हणायचा तो अभंग म्हणून दाखवला. तिनं तोंड भिंतीकडं फिरवलं. मग तिनं जेवणच सोडलं. घास तोंडाशी नेला की ओठ मिटायची, म्हणायची, फसवून घालताय. हाक तेवढी चालू. पण आवाज आता बारीक झाला होता, आणि प्रत्येक हाकेनंतर ती बराच वेळ दमून पडायची.

दिवस संपत आले. उद्या सकाळच्या एसटीनं राजारामला परत निघायचं होतं. दुपारी मी गेले तर तो बाजेजवळ जमिनीवर बसलेला, आणि म्हातारीचा श्वास वरवर चाललेला.

“मावशी,” मी कंटाळून, अगदी काकुळतीनं म्हटलं, “अहो कुणाचं ऐकाल तुम्ही? गावात एक तरी माणूस आहे का ज्याचं तुम्हाला खरं वाटतं?”

तिनं पापण्या मिटल्या. मला वाटलं, झोपली.

“अनुसया,” ती म्हणाली. “तिला इचारा. ती माझ्याशी कवा खोटं बोलली न्हाई. समदी म्हनायची येतोय, येतोय. ती एकलीच म्हनायची, न्हाई आला. आन् त्यो खरंच नसायचा.”

राजारामनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. “वैनी, नका जाऊ,” तो मला म्हणाला. “तिला कशाला? कुठल्या तोंडानं?”

पण मी गेले. गल्ली ओलांडायला कितीशी पावलं लागतात? मी मागच्या दारानं आत शिरले. अनुसया दार लावून आत ज्वारी निवडत बसली होती. तो आल्यापासून तिनं पुढचं दार उघडलंच नव्हतं. मी सगळं सांगितलं. ती सुपातले खडे वेचत राहिली.

“हाक तर थांबलीच न्हाई,” ती म्हणाली. “वाढली उलटी.”

“म्हणूनच आलेय. तू नुसतं दारातून ओरड. आला आहे, म्हण. रोज ओरडतेस तसंच.”

“कसं म्हनू?”

“म्हणजे?”

“म्या कुटं बगितलाय त्याला? बगितल्याबिगर आलाय म्हनू? म्हंजी मी बी लबाडच की तुमच्यासारखी.”

“मग बघ की गं बाई!” माझा तोल सुटला. “म्हातारी मरायला टेकलीय. उद्या तो जाईल आणि ती हाका मारत मरेल!”

“मरू दे!” ती उसळली. सूप कलंडलं, ज्वारी जमिनीवर पसरली. “माझा न्हाई मेला? माझ्या माणसाला कुनी हाक मारायला वेळ दिला? तुमी समदी तिच्या हाकंला रडता. माझ्यासाठी एक तरी रडलं का? म्हनं अनुसया लई कठोर. व्हय, हाय कठोर!”

मला रडू आलं. खरं सांगते, तिचं म्हणणं खोटं नव्हतं, त्यामुळं जास्तच आलं. मी खाली बसले आणि सांडलेली ज्वारी गोळा करायला लागले. तीही करायला लागली. आम्ही दोघी दाणा दाणा सुपात भरत होतो. समोरून हाक आली, आता ती हाक म्हणायच्याही लायकीची राहिली नव्हती, नुसतं एक कण्हणं.

अनुसयेनं हात झटकले. डोक्यावर पदर घेतला. पुढच्या दाराची कडी काढली आणि बाहेर पडली. मी धावतच मागं.

ती तानूमावशीच्या उंबऱ्याशी थांबली. आत पाऊल टाकलं नाही. राजाराम तिला बघून भिंतीकडं सरकला, मान छातीला टेकलेली.

“वर बग,” अनुसया म्हणाली.

त्याला वर बघवेना.

“वर बग म्हनते न्हवं?”

त्यानं मान उचलली. तिनं त्याच्याकडं पाहिलं. किती वेळ पाहिलं मला माहीत नाही. बांगड्या नसलेला तिचा हात दाराच्या चौकटीवर होता.

“म्हातारे,” अनुसया नेहमीच्याच मोठ्या, रागीट आवाजात म्हणाली, “आलाय तुझा राजा.”

म्हातारीचं तोंड आवाजाकडं वळलं. “अनुसया? तू बगितलंस?”

“बगितलं.”

“राजाच हाय?”

“राजाच. मी न्हाई वळखायची तर कोन वळखील?”

म्हातारीनं विचारलं, “वाळलाय का गं?”

अनुसयेनं पुन्हा त्याच्याकडं पाहिलं. “वाळलाय.”

“क्यास?”

“पिकल्यात.”

“आगं बाई,” म्हातारी म्हणाली आणि तिच्या आंधळ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. तिनं हात पुढं केला. राजारामनं तो हात आपल्या डोक्यावर ठेवून घेतला, आणि ती त्याच्या केसांवरून हात फिरवत राहिली. “आलास व्हय रं. माझ्या बाळा, आलास व्हय. भान्या, भाकरी वाढ त्याला. मला बी वाढ.”

राजाराम तसाच गुडघ्यांवर रांगत उंबऱ्याकडं आला. “वैनी...” तो अनुसयेच्या पायाला हात लावायला वाकला. ती एकदम मागं सरली.

“शिवू नगंस मला. आन् वैनी म्हनू नगंस. तुज्यासाठी न्हाई आले मी.”

ती वळली आणि गल्ली ओलांडून आपल्या पायरीवर येऊन बसली. मी शेजारी बसले. तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला होता.

“मला इचारती, वाळलाय का,” ती मधूनच म्हणाली. “मला! शालन, माझ्या माणसाचं मी कुनाला इचारू गं?”

आणि मग ती रडली. सर्जेरावला आणला त्या दिवशीसुद्धा गावानं तिला तसं रडताना पाहिलं नव्हतं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि ऊन कलेपर्यंत आम्ही तिथंच बसून राहिलो. समोरून भाकरी थापल्याचा आवाज येत होता.

दुसऱ्या दिवशी राजाराम मागच्या बोळानं परत गेला. म्हातारीनं त्यानंतर हाक मारली नाही. कोणी गेलं, चौकशी केली, की पडल्या पडल्या सांगायची, “राजा आला होता. अनुसयेनं सांगितलं.” दिवाळीच्या आधी ती गेली. झोपेतच गेली.

पुढच्या श्रावणात शिंगटे हवालदार पुन्हा माझ्या ओसरीत. राजारामचा अर्ज होता, आईच्या वर्षश्राद्धासाठी. “या वेळी काही त्रास नाही ताई,” ते म्हणाले. “मागच्या खेपेसारखंच उतरवा. हरकत नाही. तारीख बदला.”

“विचारून येते,” मी म्हटलं.

“आता कशाला? ती तर स्वतः जाऊन...” सगळ्या तालुक्यात ती गोष्ट पसरली होती. त्यात अनुसयेनं राजारामला पोटाशी धरलं इथपर्यंत लोकांनी वाढवलं होतं.

मी गेले. अनुसया गोठ्यात होती. थोडी भरली होती अंगानं, चेहऱ्यावर झोप झालेल्या माणसाची तकाकी होती. मी अर्ज वाचून दाखवला.

“म्हातारी गेली,” ती म्हणाली. “आता कशाला त्यो?”

“श्राद्ध आहे. मुलगाच आहे तो तिचा.”

“भानुदास घालंल की.” तिनं गाईच्या पुढ्यात वैरण टाकली. “लिव, हरकत हाय.”

“अनुसया, विचार कर. मागच्या वेळी तू...”

“मागच्या येळी खरं सांगितलं, आता बी खरंच सांगते. मला त्यो गावात नगं. जलमभर नगं. तुला काय वाटलं, एकदा तोंड बगितलं आन् माझं समदं फिटलं?”

माझ्या मनात होतं तिला समजवावं. पण तिच्याकडं पाहिलं आणि मी पेन काढलं.

‘मयताच्या पत्नीची तीव्र हरकत आहे,’ मी लिहिलं. इतकी वर्षं ठाण्यात जे उतरवत आले होते, शब्द न् शब्द तेच. कागद तिच्यापुढं धरला, आणि तिनं वाकून, एक एक अक्षर लावत, खाली आपली सही केली.